उडालेला एक

शाळेची स्मरणिका परवा हाती आली. आमच्या बीजगणिताच्या जुन्या मास्तरांवर तीत चार ओळी आहेत. त्यांचं अक्षर, त्यांची शिस्त आणि शेवटी, उतारवयात त्यांना बीजगणित झेपेना म्हणून त्यांच्याकडे भूगोल दिला गेला. हे खोटं आहे. खरं काय ते सांगणारा आता मीच उरलोय. लिहायचाही कंटाळा येतो, पण लिहितो.

संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातल्या त्या शाळेत हंगामी शिक्षक होतो. मास्तर मुलीच्या लग्नासाठी कुरुंदवाडला निघाले, तेव्हा मला म्हणाले, "भागाकाराचं प्रकरण तेवढं घे. आधी नुसत्या आकड्यानं भागायचं, मग एकपदीनं. आणि ताळा घेतल्याबिगर पोरांस्नी सोडू नगंस."

मी ताळा घेतला नाही. उत्तराला भाजकानं गुणून मूळची बहुपदी परत येते का, हे बघायला वेळ लागतो, आणि मला प्रकरण उरकायचं होतं. फळाही लहान. वर-खाली सारखी पदं आली की मी ती खोडायचो आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचो, "उडालं!" मुलांना मजा वाटायची. शेजारच्या वर्गालाही ऐकू जायचं. खोडलेल्या जागी एक लिहायचा असतो, तो मी मनात धरायचो. मुलांना ते कुठून कळणार?

मास्तर परतले आणि पुढच्या प्रकरणाला लागले. महिन्याभरानं तपासणीला साहेब आले. त्यांनी फळ्यावर ६अ² + ३अ लिहिलं आणि ३अ नं भागायला सांगितलं. अख्ख्या वर्गानं उत्तर काढलं, २अ.

"आणि दुसऱ्या पदाचं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या बाकावरचा उठला. "उडालं साहेब."

"उडालं? तीन भाकरी तिघांत वाटल्या, तर तुझ्या वाट्याला काय येईल?"

"एक भाकरी, साहेब."

"ती उडाली न्हाय व्हय?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. वर्ग हसला. साहेब हसले नाहीत.

"हे कुणी शिकवलं?"

मी हेडमास्तरांच्या शेजारी दाराशी उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "वर्ग माझाच हाय."

त्याच आठवड्यात बीजगणित त्यांच्याकडून काढून मला दिलं. संध्याकाळी त्यांनी मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. रागावलेले नव्हते, दमलेले दिसत होते.

"साहेबापुढं तुझं नाव घेतलं न्हाय. तुझी नोकरी कच्ची हाय, म्हाईत हाय मला. पण हेडमास्तरास्नी तेवढं तू सांग. मला दुसरं काय शिकवाय येतंय, लेका? भूगोलात मी कुणाचा ताळा घेऊ?"

"सांगतो मास्तर. उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर कामात होते. निदान मी तसं ठरवलं. मग वाटलं, आधी कायम होऊ दे, मग सांगू. मास्तरांनी मधे एकदा विचारलं, "बोललास का?" मी म्हणालो, "बोलतोच." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. ते वर्गात नकाशे टांगायचे, नद्यांची नावं वाचून घ्यायचे आणि घंटा झाली की नकाशे गुंडाळून निघायचे. मी कायम झालो. तेव्हा वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं?

निवृत्त होईपर्यंत ते भूगोलच शिकवत राहिले. निरोपाच्या दिवशी शिक्षकांतर्फे बोलायला मला उभं केलं. मी त्यांच्या नकाशांचं कौतुक केलं. पहिल्या रांगेत हार घालून ते बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. बीजगणिताचा विषय मी काढला नाही. टाळ्या झाल्या, मग चहा आला.