मागच्या दाराचा तोडगा

निपाणीच्या सभेत मी ठणकावून बोलले होते. माणसांची कत्तल एका दिवसात होत नाही, आधी शेजाऱ्याचं घरात येणं बंद होतं, मग त्याचं काम तोडलं जातं. टाळ्या पडल्या, पत्रकं संपली. वडगावला घरी आले तर आमचे दोन्ही माग बंद.

बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपलं होतं. नवं बीम चढवलं की त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला हातानं जोडावा लागतो. माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडं हे काम एकच माणूस करायचा. मुसलमान. आम्ही चाचा म्हणायचो. मागाच्या मागं बसले की जेवायलाच उठायचे, आणि जेवायचेही आमच्याच स्वयंपाकघरात.

"चाचांना बोलावलं न्हाय?" मी आप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं.

"गल्लीनं ठरवलंय. त्यांच्यातल्या कुणालाबी घरात घ्यायचं न्हाय. फोनवर फिरतोय तो मारहाणीचा व्हिडिओ बघितला न्हाईस काय?"

"कुठला हाय तो? कधीचा?"

"मला काय ठावं? आपण एकट्यानं वाकडं जाऊन मागावर दगड घेऊ काय?"

तेवढ्यात चाचाच आले. सायकल दारात लावली. "आप्पा, माग थांबलेत म्हणं. सांगावा न्हाय धाडला?"

आप्पा उंबऱ्यातून हलले नाहीत. समोरच्या कट्ट्यावरचे दोघे इकडंच बघत होते.

आणि तोडगा काढला कुणी? मी. "चाचा, थोडे दिवस मागच्या दारानं या. दुपारी, गल्ली जेवायला बसल्यावर."

आप्पांना हायसं वाटलं. मलाही. भांडण न होता काम निघालं, असंच वाटलं मला.

चाचा हसले. "लई शिकलीस गं. मागच्या दारानं मांजर येतंय. मी कारागीर हाय." मग आप्पांकडं वळले. "समोरनं घेता काय, तेवढं बोला."

आप्पांनी कट्ट्याकडं बघितलं. मी आप्पांकडं. चाचांनी सायकल वळवली.

बाकीच्या मागवाल्यांनी तर त्यांना दारातही उभं केलं नाही. काही महिन्यांतच बिऱ्हाड उचलून ते इचलकरंजीला गेले. दगड पडला नाही, पोलीस आले नाहीत, पेपरात ओळ नाही. कट्ट्यावरचे म्हणाले, "आपणहून गेला. कोण काय बोललं त्याला?"

चाचांच्या शेजारच्या दोन मुसलमान घरांनीही मग सामान बांधायला घेतलं. त्यासाठी गल्लीला नवं काही ठरवावं लागलं नाही.