कानाच्या मशीनचा गुप्त शोध

सव्वीस एप्रिल. कुरडयांचा दिवस. साताऱ्यात आमच्या आळीत ज्या घरी चीक शिजतो, त्या घरी बाकीच्या बायका आपापले सोऱ्या घेऊन येतात, बोलावणं लागत नाही. उजाडल्यापासून मी पातेल्याशी उभी होते. हात थांबला की चिकात गुठळ्या होतात, त्यामुळे हात अडकलेला आणि डोकं रिकामं. त्या रिकाम्या डोक्यात एकच विषय होता. पुढच्या रविवारी सांगलीला लेकीच्या लग्नाच्या याद्या करायच्या होत्या आणि आमच्या ह्यांना ऐकू येत नव्हतं.

नुसतं ऐकू येत नसतं तर चाललं असतं. पण ह्यांना ऐकू आलं नाही की हे मान डोलावतात आणि "हो हो, चालेल" म्हणतात. असं म्हणून हे आळीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष झाले. असंच म्हणून एकदा सलूनमधून चकोट करून आले आणि आठवडाभर लोक मला हळूच विचारत होते, कोण गेलं म्हणून. याद्यांना बसल्यावर मुलाकडच्यांनी उंटावरून वरात काढू म्हटलं असतं तरी ह्यांनी मान डोलावली असती. त्याआधी कानाला मशीन लागायला हवं होतं.

सरळ सांगून झालं होतं. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे म्हणाले, ते इतक्या मोठ्यांदा की समोरच्या गच्चीवरून उत्तर आलं, "आमी काय बोललोच न्हाई!"

तेव्हाच मी ठरवलं होतं की आधी गुपचूप सगळी माहिती काढायची, वेळ घ्यायची आणि मग ह्यांना एसटीत बसवायचं. साताऱ्यातले कानाचे डॉक्टर रोज सकाळी ह्यांच्याबरोबर फिरायला जातात, म्हणून शोध सांगलीचाच. अडचण एकच होती. आमच्या घरात अकाउंट एक आहे. सगळ्यांचे फोन त्याच्यावर, हॉलमधला टीव्हीही त्याच्यावर. मागे मी ओठावरची लव काढायचं यंत्र फोनवर बघितलं होतं. नंतर पाहुण्यांसाठी टीव्हीवर कीर्तन लावलं तर मध्येच त्या यंत्राची जाहिरात आली. पाहुण्यांत चांगले झुबकेदार मिशांचे तिघे होते, पण सगळे बघत होते माझ्याकडे.

लेक कराडला इंजिनिअर झालेली, आता घरून काम करते. तिला विचारलं. तिने पहिल्यांदा इन्कॉग्निटो दाखवलं.

"आई, ह्याने एवढंच होतं की तू काय बघितलंस ते आपल्या फोनमध्ये उरत नाही. त्या वेबसाइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आपण कुठून आलो ते दिसतंच. आणि आत जाऊन घरच्या अकाउंटने लॉगिन करू नकोस."

म्हणजे तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवरून मंडईत जायचं. गाडीचा नंबर अख्ख्या मंडईला पाठ.

मग मी स्वतःच्या अकलेने एक फुकटचं व्हीपीएन उतरवून घेतलं. त्याने पहिल्या झटक्यात माझे फोटो, फोनमधले सगळे नंबर आणि मी आत्ता कुठे आहे ते मागितलं. लेकीने फोन हातातून काढून घेतला.

"अगं, व्हीपीएन घेतलं की कंपनीला दिसत नाही, पण सगळं त्या व्हीपीएनवाल्याच्या हातून जातं. पैसे घेणारे चांगले असतात, पण त्यांच्यावरही विश्वास टाकावाच लागतो. आणि फुकटवाला तुझं ओझं कशाला वाहील?"

हे मला लगेच पटलं. इकडचा निरोप तिकडे फुकटात पोचवणारी एक बाई आमच्या आळीत आहे. तिच्यामुळे कोणाच्या घरी काल कसली भाजी होती ते सगळ्यांना माहीत असतं. व्हीपीएन काढून टाकलं.

शेवटी लेकीने कांद्याच्या चित्राचं एक ब्राउझर दिलं. "समज, साताऱ्याहून सांगलीला डबा पाठवायचाय. एकजण कराडपर्यंत नेणार, दुसरा कुंडलपर्यंत, तिसरा आटपाडीला जाऊन मग सांगलीत देणार. प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा माणूस माहीत. डबा कोणाचा आणि कोणाला, हे दोन्ही एकाला कळत नाही."

"आटपाडीमार्गे सांगली? डबा विटेल की!"

"हळू असतंच ते. आणि डब्याला कुलूप नसेल तर शेवटचा माणूस आत डोकावू शकतो. पत्त्याआधी कुलपाची खूण आहे का बघ."

खरंच हळू होतं. पान उघडेपर्यंत माझे शेंगदाणे भाजून, पाखडून झाले. उघडलं ते जर्मन भाषेत, कारण त्याच्या मते मी जर्मनीत होते. मग मी माणूस आहे हे सिद्ध करायला मला चित्रांतले सिग्नल ओळखायला लावले. पोवई नाक्यावर मी उभ्या आयुष्यात जेवढे सिग्नल पाळले नसतील तेवढे ओळखले. अखेर सांगलीतलं एक कानतपासणी केंद्र सापडलं. कुलूप बघितलं. नाव आणि फोन नंबर भरला, वेळ मागितली आणि फोन पालथा ठेवला. मी मशीन शोधतेय हे जगात लेकीशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्या कुरडया. चीक शिजला तशा आम्ही गच्चीवर गेलो. बायका प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या आणि हे काठी घेऊन कावळ्यांवर नेमलेले. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे ह्यांनी स्पीकर लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरला.

"नमस्कार काका, सांगलीहून बोलतेय. कानतपासणीसाठी तुमचा नंबर आलाय. उद्या अकराला याल का?"

सगळे सोऱ्या थांबले. मला त्याच क्षणी कळलं. गॅस असो, शाळा असो, लाइटबिल असो, लग्न झाल्यापासून नंबर विचारला की माझ्या हातून ह्यांचाच पडतो. तीन गावं फिरवून डबा पाठवला आणि वर घरधन्याचं नाव घातलं.

"हो हो, चालेल," हे फोनला म्हणाले.

"मशीन चार दिवस वापरून बघायला देऊ, काका."

"हो हो, चालेल." फोन खिशात गेला. मग गच्ची एवढी शांत का, असं ह्यांना वाटलं असावं. "काय म्हणत होती ती?"

शेजारच्या वहिनी आटपाडीकडच्या. माहेरी मेंढरं राखलेली, त्यामुळे त्यांचं बोलणं ह्यांना मशीनशिवाय पोचतं.

"आवं भावजी, तुमी उद्या सांगलीला चाललाय!"

"कशाला?"

"कान दावायला! मशीन द्येणार हायती!"

"मी कधी हो म्हणालो?"

"दोन येळा म्हणला की! लय गोड म्हणला!"

बाकीच्या बायकांनी साक्षीला माना डोलावल्या. हे माझ्याकडे वळले. "हे तुझं काम?"

"माझंच," मी म्हणाले. नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

लेक उठून ह्यांच्या उजव्या कानाशी गेली. उजवा जरा बरा आहे. "बाबा, रविवारी तिथे माझं लग्न ठरणारय. तुम्ही न ऐकता हो म्हणालात तर ते निस्तरायला मीच उरणार. मला ऐकून नाही म्हणणारा बाप हवाय."

ह्यांनी एकही कावळा नसताना काठी दोनदा आपटली. मग म्हणाले, "हो म्हणालोय ना? मग जायला पाहिजे. पण मशीन अगदी बारीक असेल तरच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरडया उलटून त्यांच्यावर जुनी ओढणी पसरली, कावळ्यांची काठी वहिनींच्या हातात दिली आणि आम्ही सांगलीची एसटी पकडली. ह्यांना डावीकडच्या खिडकीशी बसवलं, म्हणजे उजवा कान माझ्या बाजूला आला. याद्यांत कशाकशाला नाही म्हणायचं ते सांगायला सुरुवात केली. कराड येईपर्यंत बँड आणि घोडा झाला होता, मानपान बाकी होतं.