इम्युनिटी आहे म्हणे!

हेब्बाळच्या आमच्या लॅबमध्ये मी रक्त घेते. सुई टोचली की माणसं का कोण जाणे, बोलायला लागतात. नळी भरेपर्यंत एक किस्सा होतोच! त्यातून हेपॅटायटिस बीची टेस्ट, म्हणजे लस घेतल्यावर अंगात इम्युनिटी आली का ते बघायचं असलं, तर विचारूच नका.

मारतहळ्ळीचा एक आयटीवाला. रिपोर्ट बघून म्हणाला, "मॅडम, पासिंग कितीला?"

"दहा."

"माझे चारशे! आयुष्यात पहिल्यांदा मेरिट!" तिथूनच पुण्याला आईला व्हिडिओ कॉल!

*

आमची सिस्टर लता मात्र नापास. आधी एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या पेशंटांना बघायची. लशीचा कोर्स दोनदा झाला, तरी आकडा दहाच्या आतच. सगळे 'ढ' म्हणून चिडवायचे, तीही हसायची. मग एकदा हेपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई तिच्या बोटात घुसली. लगेच वेगळं इंजेक्शन दिलं, वाचली. पण घरच्यांनी परत त्या कामावर जाऊ दिलं नाही. आता आमच्या रिसेप्शनला बसते.

परवा तिचा एक जुना पेशंट दारातूनच ओरडला, "सिस्टर, तुमच्यासारखी सुई कुणी लावत नाही हो!"

लता म्हणाली, "टोकन घ्या." आणि उठून आत गेली.

*

नागपूरची एक मुलगी. जो मुलगा आवडला, त्याला हेपॅटायटिस बी. हिने लस घेतली, टेस्ट केली, इम्युनिटी भरपूर! माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, लग्नाला काहीच हरकत नाही!"

"बेटा, रिपोर्ट तुझा आलाय. माझा नाही."

फोन ठेवून तिने मला विचारलं, "यांच्यासाठी एखादी लस असते का हो?"

*

आणि देवनहळ्ळीचे रामोजीराव. तिथलंच जुनं मराठी घर. कंबरदुखीचं निमित्त सांगून वर्षानुवर्षं बाहेरच्या खोलीत झोपायचे. ताटसुद्धा वेगळं. खरं कारण हेपॅटायटिस बी, पण बायकोला, सरोजाक्काला, कधी सांगितलंच नाही. यंदा ॲडमिट केलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तोवर लिव्हर पार गेलेलं. डॉक्टरांनी सरोजाक्काचंही रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्टच्या दिवशी दोघं आली. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुम्हाला हा आजार फार पूर्वीच होऊन आपोआप बरा झालाय. लस न घेताच इम्युनिटी आहे. आणि आजोबा, एका ताटात जेवून हा पसरत नाहीच."

रामोजीराव बायकोकडे वळून म्हणाले, "तुला लागू नये म्हणून गं…"

"लागलं होतं. बरं पण झालं." सरोजाक्का म्हणाली. "मला वाटायचं, तुमच्या मनातनं मी उतरले. एकदा सांगायचं तरी होतं!"

दुपारी मी खाली गेले, तर दोघं कॉफीच्या गाडीपाशी उभी. एक कॉफी, दोघांत. कॉफीवाल्याने अर्धी-अर्धी ओतायला दोन कप पुढे केले.

सरोजाक्काने एक परत दिला.

"नको अण्णा, एकच पुरे."