हिलाल आणि न हसणारे लोक

आमच्या धुळ्याच्या हौशी नाट्यमंडळात हिलाल पहिल्यांदा आला, तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधी त्याने मला विचारलं, "आबा, तुमच्याकडचे लोक दगड मारतात का?"

मी हसलो. तो हसला नाही.

हिलाल साक्रीकडचा. उभं आयुष्य लोकनाट्याच्या फडात सोंगाड्या म्हणून गेलेलं. उघड्या मैदानावर, भगभगीत दिव्यांत तो उभा राहिला की समोरचं एकेक तोंड त्याला दिसायचं. कुठल्या तोंडावर हसू फुटणार, हे त्या तोंडाच्या आधी हिलालला कळायचं. पुढे फड मोडला आणि त्याने बाजारपेठेत रसवंती टाकली. रस गाळता गाळता गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. तिथेच मला तो सापडला आणि मी त्याला धरून मयुरीकडे नेलं.

मयुरी कॉलेजात शिकवते आणि आमची नाटकं लिहिते, बसवते. हे नाटक छोटं होतं. आत मुलाचं ऑपरेशन चाललंय आणि बाहेर बाकावर बाप बसलाय, तो हिलाल. शेजारी एक अनोळखी म्हातारा, तो मी. बाप बोलत राहतो, बस्स.

"हसायचं कुठे आहे यात?" हिलालने विचारलं.

"कुठेच नाही, नाना," मयुरी म्हणाली.

"मग लोकांनी करायचं काय?"

"ऐकायचं."

त्याचा चेहरा उतरला. का, ते मला नंतर कळलं. फडात लोक गप्प झाले की घात समजायचा. आधी मागची माणसं उठतात, मग शिट्ट्या, मग दगड. एका जत्रेत अशाच गप्प झालेल्या गर्दीतून दगड आला आणि ढोलकीवाल्याचा डोळा गेला. ढोलकीवाला हिलालचा सख्खा भाऊ. त्यानंतर हिलालने शांतता म्हणून कधी टिकू दिली नाही. जरा गप्प वाटलं की कोलांटी.

तालमीतही तेच. मुलाच्या लहानपणीची आठवण तो सांगू लागला आणि समोर बसलेले गप्प झाले, की हा बाकावरून उलटा.

डॉक्टरचं काम करणारा रविंद्र ओरडायचा, "ओ नाना! पोरगं आत फाडून ठेवलंय आणि बाप बाहेर सर्कस करतोय! उद्या मलाच ॲडमिट करा."

सगळे हसायचे. हिलालला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, तेच वाईट होतं.

शेवटी मयुरीने त्याला बाजूला घेतलं. "नाना, जळगावला स्पर्धेत एक कोलांटी मारलीत तर आपलं नाटक गेलं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. बापाचं काम मी रविंद्रला देते."

हिलालने चपलेचा अंगठा चाचपला. मग म्हणाला, "नका देऊ, ताई. हे गेलं तर मला स्टेजवर पुन्हा कोण बोलावणार?"

जळगावला नाट्यगृहात पोचल्यावर तो रंगमंचाच्या कडेशी जाऊन उभा राहिला. रिकाम्या खुर्च्या बघून म्हणाला, "इथले दिवे चालू राहतील ना?"

"प्रेक्षकांवरचे बंद होतात, नाना."

"म्हणजे लोक दिसणार नाहीत?"

रंग लावताना त्याची हनुवटी इतकी थरथरत होती, की मयुरीने ती एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने मिशी चिकटवली.

पडदा उघडला. समोर काळोख. पहिली वाक्यं त्याने नीट म्हटली. मग ती आठवण आली: सायकलवर पुढे बसवून मुलाला शाळेत सोडायची. सभागृह गप्प झालं. खोकलासुद्धा नाही. नटाला जन्मात एकदा मिळावी अशी शांतता होती ती, आणि माझ्या शेजारी हिलाल घामाने निथळत होता. त्याचा आवाज बारीक झाला. मान खाली गेली, हातांनी बाकाची कड पकडली. मी ओळखलं, आता हा उलटणार. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला. आणि मान वर करून तो काळोखाकडे बघत ओरडला,

"कोनीतरी बोला ना भो!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. विंगेत मयुरीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. काळोखातून उत्तर आलं नाही. मग उत्तर मला द्यावं लागलं, त्याच्याच अहिराणी बोलीत.

"बोल भाऊ. मी आयकी राह्यनू ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नाटकातल्या म्हाताऱ्याकडे नाही, माझ्याकडे. माझं मनगट इतकं आवळलं, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते. आणि उरलेलं सगळं तो मला एकट्याला सांगत गेला. शेवटपर्यंत. बाकावरून हलला नाही.

पडदा पडला तेव्हाही टाळ्या लगेच आल्या नाहीत. तेवढ्यात हिलाल मागच्या दाराकडे पळाला. रविंद्रने त्याला दाराशी गाठलं. "नाना, ऐका तरी!" टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्याला ओढतच नमस्काराला आणलं. आता सभागृहातले दिवे लागले होते आणि लोक त्याला पहिल्यांदाच दिसत होते. पुढच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होती. तिच्या मागचा धिप्पाड माणूस चष्मा काढून बसला होता.

हिलाल माझ्या कानाशी आला. "आबा, ह्या रडी राह्यनात का?"

"हो."

तो आणखीच घाबरला. इतक्या वर्षांत त्याने कोणाला रडवलं नव्हतं. दोन पावलं पुढे होऊन त्याने हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाला, "माफ करा मंडळी. पोरगं बरं आहे. घरी जाऊन जेवा."

आणि डोळे पुसता पुसता सगळं सभागृह हसलं.