किल्लीमावशीच्या खुर्च्या

गल्लीच्या टोकाला एका खोलीचं समाजकेंद्र होतं. त्याची किल्ली एकोणीस वर्षं जिच्या कमरेला होती, तिला सगळे किल्लीमावशीच म्हणत. दर बुधवारी सकाळी दहाला ती कुलूप काढायची, केर काढायची, चहाचं आधण ठेवायची आणि बेचाळीस खुर्च्या मांडायची. नुसत्या मांडायची नाही, माणसं बघून मांडायची. पोस्टातल्या आजोबांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा तो कान भिंतीकडे. शिंपीणबाईला पाठीवर वारा सोसत नाही, तिची खुर्ची मागच्या खिडकीपासून लांब. आणि सुतार भाऊ? थोरला खांबाच्या अलीकडे, धाकटा पलीकडे. बापाचा रंधा कोणी ठेवायचा यावरून अकरा वर्षं दोघांत अबोला होता. मावशीच्या मांडणीत एकाला दुसऱ्याचं नाकसुद्धा दिसायचं नाही.

"माझ्या खोलीत कधी भांडण झालेलं दाखवा," ती ठसक्यात सांगायची. स्वतः मात्र खुर्चीवर कधी टेकायची नाही.

मग कोपऱ्यावरच्या घरात नर्सबाई राहायला आली. इस्पितळातून निवृत्त झालेली, हसरी, काखेत रक्तदाब मोजायचं यंत्र. पहिल्या बुधवारी तिच्यापुढे तिघं होते, महिन्याभरात दारापर्यंत रांग. आधी माणसं उंबऱ्यातून विचारायची, "मावशी, चहा झाला का?" आता विचारायची, "नर्सबाई आल्या का?"

मावशी कप जोरात आपटायची.

"मावशी, या ना, तुमचाही दाब बघते," नर्सबाई गोड आवाजात म्हणायची.

"माझ्या दाबाला काय धाड भरलीय!"

त्यावर कडी केली ती शिंपीणबाईनं. "मावशी, तुमचे गुडघे दुखतात. पुढच्या बुधवारी किल्ली नर्सबाईंकडे देऊन बघा की. तेवढाच आराम."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहरा तिनं साखरेसारखा ठेवला. किल्ली काढली आणि नर्सबाईच्या हातावर ठेवली. कोण कुठे बसतं, यातलं मात्र एक अक्षर सांगितलं नाही. होऊ दे फजिती. कळू दे सगळ्यांना.

बुधवारी ती अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिली. नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला.

"अगं, ताप कुठाय? आतूनच काहीतरी जळतंय तुझं."

"तुम्ही पेपर वाचा."

अकरा वाजेपर्यंत तिनं कशीबशी कळ काढली. मग पायात चपला सरकवल्या आणि केंद्राच्या मागच्या उघड्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

खुर्च्या सरसकट गोल मांडल्या होत्या. आजोबा "काय? काय?" करत होते. शिंपीणबाई शिंकत होती. मावशीला मनातून गुदगुल्या झाल्या. मग तिला सुतार भाऊ दिसले. दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा! आता पेटणार, या आशेनं तिनं खिडकीचे गज घट्ट धरले.

नर्सबाईनं थोरल्याच्या दंडावरचा पट्टा सोडला. धाकटा समोर बघतच पुटपुटला, "किती?"

थोरल्यानं बाही खाली ओढली. "एकशे सत्तर."

"मीठ सोड. बाबांचं असंच झालं होतं."

"रंधा गंजलाय," थोरला म्हणाला. "तुझ्यासारखी धार मला नाही लावता येत."

"आणून टाक घरी. बघतो."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं होतं असं म्हणवत नाही. अकरा वर्षं मोजून मापून तिनं त्यांच्यामध्ये खांब ठेवला होता, आणि या कालच्या बाईनं काही माहीत नसताना तो एका सकाळीत काढून टाकला.

"अय्या, मावशी! ताप उतरला?" शिंपीणबाईनं आतूनच पाहिलं.

आता पळणार कुठे? ती आत गेली. नर्सबाई धावतच आली. "देवासारख्या आलात! आजोबा माझ्यावर चिडलेत, ह्या शिंकतायत. मला काही कळेना झालंय. बसा, आधी तुमचं बघते."

आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मावशी तिथल्या खुर्चीवर बसली. फुसफुस करत पट्टा आवळला.

"जास्त आहे हो, मावशी. कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून."

खोली खदखदून हसली. नर्सबाईला तर हसू आवरेना. मावशीला हसू आलं नाही. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

मग तिनं उठून आजोबांचा कान भिंतीकडे केला, शिंपीणबाईला खिडकीपासून हलवलं आणि प्रत्येक वेळी नर्सबाईला कारण सांगितलं. थोरल्या सुताराच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा हात पडला, सवयीनं. क्षणभर तो तिथेच राहिला. मग तिनं तो पदराला पुसला आणि चहाकडे वळली.

एक वाजता सगळे गेल्यावर नर्सबाईनं किल्ली पुढे केली. "ही तुमची."

"राहू दे तुमच्याकडे. सकाळी मला जिना उतरवत नाही लवकर."

नर्सबाई मागची खिडकी लावायला गेली. कडी काही केल्या बसेना. "मावशी, हिला काय करायचं?"

"सरका. तिला माझ्याच हाताची सवय आहे."

नर्सबाईकडे पाठ करून मावशीनं खालच्या फळीला दुखरा गुडघा लावला आणि कडी वर उचलून खट्कन बसवली. गुडघ्यातून कळ गेली. तिनं तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

"कशी बसवलीत हो?"

"पुढच्या बुधवारी येतेच आहे मी," मावशी म्हणाली आणि दिवा मालवून पुढे झाली.