बर्फाचा अर्धा पेला

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या ताईचा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असे. घरी बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि बाबा तर पहिल्यापासून आपल्या मनाचे राजे. ताई नुकतीच कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली होती. तिने एक साधासा प्रोग्राम लिहिला. बाबा काय काय प्यायले ते त्यात भरायचं, आज अजून किती चालेल ते तो सांगे. दिवसा घरी असणारा धाकटा भाऊ आकडे भरी.

एका संध्याकाळी ती घरी आली तर बाबांचे पाय सुजून टम्म झालेले. "किती पाणी दिलंस?" तिने धाकट्याला विचारलं.

"प्रोग्राम म्हणाला अजून चालेल, म्हणून दिलं," धाकटा चाचरत म्हणाला. "मी फक्त प्रोग्राममधली बर्फाची ओळ काढली होती. बर्फ काय पिण्यात धरायचा?"

"अरे, दिवसभर बर्फ चघळतात ते! वितळून पाणीच होतं ना त्याचं? आणि मी त्या ओळीशेजारी कॉमेंट लिहिली होती, वाचणाऱ्यासाठी टीप, ती वाचायची तरी!"

त्याने ती वाचून दाखवली. "'इथे बर्फाची बेरीज केली आहे.' ताई, बेरीज केलीये ते मलाही दिसतं गं. का केलीये?"

ताईने रिक्षा बोलावली आणि बाबांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी औषध बदललं, सूज उतरली. थोडक्यात निभावलं. ताईने बर्फाची ओळ परत घातली, पण तिचं चित्त काही थाऱ्यावर येईना. बाकीच्या ओळींत काय काय दडलं असेल? या विचारात एक काच तिच्या हातून तडकली, मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

क्लासच्या बाईंना तिने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "नुसती काळजी करून प्रोग्राम सुधारत नाही. टेस्ट लिही. ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे, तेच त्याला विचार. चुकला की लाल दाखवेल."

ताईने लिहिलं: पेलाभर बर्फ, म्हणजे अर्धा पेला पाणी. काहीच प्यायलं नाही, तर सगळा कोटा शिल्लक. कोटा ओलांडला, तर 'आता बंद'. ही शेवटची टेस्ट लाल आली. प्रोग्राम खुशाल सांगत होता, उणे एक पेला शिल्लक! कपाळावर हात मारून तिने ते दुरुस्त केलं. मग जुनी कॉमेंट खोडून नवी लिहिली: 'बर्फ वितळून साधारण निम्मं पाणी होतं. बाबा दिवसभर बर्फ चघळतात. ही ओळ काढली तर हिशेब कमी भरेल आणि त्यांना जास्त पाणी जाईल.'

धाकट्याने मुद्दाम ती ओळ काढून पाहिली. टेस्ट लाल. त्याने ओळ परत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने दुकानातून घरी फोन लावलाच. उचलला बाबांनी.

"तुझा प्रोग्राम पास झाला म्हणे. मग आता माझी परीक्षा कशाला?"

"पाय कसे आहेत?"

"जागेवर आहेत."

ताईला हसू आलं. तरी मालकाची परवानगी काढून ती त्या दिवशी जरा लवकरच निघाली.