कोपराएवढी जागा

हिरा आमच्याकडे आली, त्या दिवशी तिच्या डोक्यावर पहिल्यांदाच घमेलं नव्हतं. डोंगराकडच्या पाड्यावरची ही बाई बारा वर्षं बोईसरच्या बांधकामांवर विटा वाहत होती. ठेकेदार कुंदनशेठनी तिला आखायला दिलेलं पहिलं घर म्हणजे कोळगावच्या प्लॉटवरचं आमचं. आखणी नीट निघाली तर मिस्त्री, नाहीतर परत घमेलं, असं त्यांनी आमच्यासमोरच तिला सांगितलं.

तिने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, वरून चुन्याची फक्की सोडली. हे काय चाललंय, असं मी विचारलं.

"बाय, खुंटी म्हंजे टिंब. दोन टिंबांत रेघ. रेघ उभी रायली का भिंत. आन चार भिंतींत कोंडलेली हवा, ती खोली. आमी भिंती बांधतो, तुमी रायता हवेत."

मी दहावी पास आहे, पण भूमिती मला त्या दिवशी कळली.

तिने मनाशी एक रीत ठरवली होती. रेघा पडल्या की घरच्यांना त्यांत राहायला लावायचं. माझ्या सासूबाई, रखमाबाई, चटईवर आडव्या झाल्या. आमचे हे विटांच्या सोफ्यावर बसून नसलेला टीव्ही बघू लागले. मी पिंपावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटल्या, पिठाशिवाय. हिरा हसली, माझं कोपर भिंतीत गेलं म्हणाली. पण कुंदनशेठनी नकाशा म्हणजे नकाशा असं बजावलं आणि टेप, नकाशा दोन्ही डिकीत टाकून पालघरला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भूमिपूजन. शेजारीच भाड्याने राहतो आम्ही. उजाडता उजाडता देवाचं नाव घेत मी प्लॉट झाडला, आड येणाऱ्या खुंट्या उपटून रचून ठेवल्या आणि सगळीकडे शेणसडा घातला. रांगोळीला वाकले तेव्हा लक्षात आलं, मी आमचं घर झाडून टाकलं होतं.

सात वाजता हिरा आली. बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, आजींना चटईसकट आणा.

तिच्या सुतळीत कालच्या गाठी होत्या. त्यांवरून बाहेरच्या भिंती निघाल्या. अडली ती हॉल आणि स्वयंपाकघरामधली. त्यासाठी आम्ही पुन्हा आपापल्या जागी. शेजारची दीपा तोंडात ब्रश धरून कुंपणाशी आली आणि योगासनं रोज असतात का, असं विचारून गेली. फक्की संपली तेव्हा मी रांगोळीचा डबा दिला. पांढरी संपल्यावर गुलाबी. मधली भिंत गुलाबी झाली.

नऊला कुंदनशेठ खोदणारी माणसं घेऊन आले. गुलाबी रेघेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग टेप लावला. बाहेरचं सगळं बरोबर. स्वयंपाकघर मात्र वीतभर जास्त, हॉल तेवढाच कमी.

"काल काय सांगितलं होतं? दुसरा मिस्त्री बघतो मी."

हिराने माझं नाव घेतलं नाही. जाऊन घमेलं उचललं. ते मला बघवलं नाही. रेघा मी झाडल्या, मी सांगितलं, पूजेच्या नादात.

"ते झालं वहिनी. पण ही वीत कोणाची?"

"माजी," हिरा म्हणाली. "बाय दोन येळा लाटणार. पावना सोफ्यावर बसंल कवातरी."

ह्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, की सोफा लहान घेऊ. सासूबाई मात्र चटईवरून हलल्याच नाहीत. छताकडे बघावं तशा आभाळाकडे बघत म्हणाल्या, "मी हितनं उठत न्हाय. माझ्या भोवतीनं खणा."

कुंदनशेठनी मिस्त्रीचा गुण्या लावून चारही काटकोन तपासले. एकातही खोट निघेना. मग त्यांनी हिराच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि गुण्या दिला. गुरुजी पूजेचं ताट घेऊन केव्हाचे उभे होते. सासूबाईंना उठवायला मात्र प्रसाद दाखवावा लागला.

वास्तुशांतीला हिरा नवं लुगडं नेसून आली. आधी देवाला हात जोडले, मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि दोन्ही कोपरं पसरून बघितली. भिंतीला लागली नाहीत.